वाघोडियाच्या फाटकावरचा दुसरा आवाज

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचाही नाही. वाघोडियाच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे फाटक, फाटकावर पत्र्याचे छत, बाहेर कामावरून कमी केलेले कंत्राटी कामगार आणि आत दुनळी बंदूक घेतलेला गार्ड. वेळ संध्याकाळची. ढकलाढकली, शिव्या, साखळीचा खडखडाट. मग एक दणका. अर्धा सेकंद व्हायच्या आत दुसरा. क्षणभर सगळे गप्प, आणि त्यानंतर किंकाळी.

पोलिसांचे म्हणणे सरळ होते. आवाज दोन, म्हणजे बार दोन. एक छतात गेला, कारण पत्र्याला भोके होती. दुसरा समोर गेला, कारण फाटकाबाहेरच्या एका तरुण कामगाराच्या गुडघ्यात आणि चेहऱ्यात छरे घुसले होते आणि त्याचा डावा डोळा गेला होता. समोर माणूस दिसत असताना सरळ बार काढला, म्हणून खुनाच्या प्रयत्नाचे कलम. गार्डने जबाबात सांगितले होते की तो काडतूस नेहमी एकच भरतो; बार एकच, आणि तोही वर. छताच्या लोखंडी तुळईवर आपटून काही छरे खाली वळले असतील. त्याच्या वकिलाचा युक्तिवाद असा की दुसरा दणका बंदुकीचा नव्हेच, समोरच्या कारखान्याच्या भिंतीवरून परत आलेला प्रतिध्वनी आहे.

बंदुकीवरून काही ठरत नव्हते. एका नळीत रिकामे काडतूस होते, दुसरी मोकळी. ती आधीपासून मोकळी होती की नंतर मोकळी केली, हे कळायला मार्ग नव्हता. काजळी दोन्ही नळ्यांत होती, जुनी. तुळईवर एक ओरखडा सापडला, पण तिथला रंग आधीच पोपडे धरून सुटलेला होता. म्हणून न्यायालयाने आदेश दिला की त्याच जागी तीच बंदूक झाडावी, आवाज नोंदवावा आणि व्हिडिओतल्या आवाजाशी ताडून पाहावा. ते काम आमच्याकडे आले.

आम्ही म्हणजे दोन माणसे. सर निवृत्त प्राध्यापक, विषय भौतिकशास्त्र. त्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या शिक्षणखात्यात होते आणि त्या खात्याची शिस्त सरांच्या टेबलावर अजून दिसते. मी आधी एका वृत्तवाहिनीत ध्वनिमुद्रणाला होते. सभा, अपघात, दंगली, मंत्र्यांचे उद्घाटन, सगळीकडे माझे काम एकच: आवाज स्वच्छ आणायचा. नंतर सरांकडे आले. बडोद्याच्या समा भागात एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचे कार्यालय आहे. धमकीचे फोन, लाचेची संभाषणे, कापलेले-जोडलेले ऑडिओ, अशी प्रकरणे येतात. बंदुकीचे क्वचित.

जागेची पाहणी आम्ही दोघांनी केली. फाटकापासून रस्ता ओलांडून समोरच्या कारखान्याची लांब, उंच, सपाट भिंत होती. सरांनी टेप लावून अंतर मोजले, हवेच्या तापमानाचा हिशोब धरला आणि मान हलवली. आवाज तिथवर जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढेच अंतर व्हिडिओतल्या दोन दणक्यांत होते.

"जुळतंय," मी म्हटले.

"गणित जुळतंय," सर म्हणाले. "भिंत आवाज परत देते की गिळते, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. आणि अर्ध्या सेकंदात माणूस दोन्ही चाप ओढू शकतो. घाबरलेला तर नक्कीच."

चाचणीसाठी आम्ही वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागून घेतला. कामाच्या दिवशी तिथे बॉयलर, कॉम्प्रेसर, रिक्षांचे भोंगे, शिफ्टच्या घंटा चालू असतात. ध्वनिमुद्रण करणारा माणूस शांतता शोधतो. त्या दिवशी शांतता होती. आतले सगळे बंद, आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन निघायचे ट्रक समोरच्या भिंतीला लागून ओळीने उभे. ताडपत्र्या बांधलेल्या, सुताच्या गाठींनी भरलेल्या गाड्या. चालक कुठे तरी जेवायला गेले होते. तपास करणाऱ्या फौजदारसाहेबांना ट्रक पसंत पडले. रस्त्यावरून कोणी डोकावणार नाही, म्हणाले.

गोळीबार पोलिसांच्या शस्त्रागारातला जमादार करणार होता. वस्तीत छरे उडवता येत नाहीत, म्हणून काडतुसातले छरे काढून तेवढ्याच वजनाचे जाडे मीठ भरले होते. दारू तीच, भार तोच, म्हणून दणकाही तोच. पंचांना हे समजावून सांगताना फौजदार मध्येच म्हणाले, "बेन, मीठमां आयोडिन छे ने? नहीं तो पंचोने गलगंड थई जशे."

पंच हसले. जमादार हसला नाही. त्याने हेल्मेट घातले आणि काडतूस सगळ्यांना दाखवले.

गार्ड त्याच्या वकिलाबरोबर आला होता. जामिनावर होता. पन्नाशीचा माणूस, ताठ, इस्त्रीचा शर्ट. सैन्यातून निवृत्त, रसद पुरवणाऱ्या विभागातला. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तेव्हापासून घराण्यात कोणी ना कोणी गणवेशात. मांजलपूरला राहायला. त्याची बायकोही आली होती. हातात पाण्याची बाटली, पदर खोचलेला. आम्ही दोन्ही बाजूंशी कामापलीकडे बोलत नाही, हा सरांचा नियम. तिने मला विचारले, "ताई, कानात बोटं घालायची का?" मी हो म्हटले. तेवढेच.

माइक लावले. एक फाटकाजवळ, एक रस्त्याच्या मध्यावर, आणि व्हिडिओ काढणारा कामगार जिथे उभा होता तिथे त्याच्याच मॉडेलचा दुसरा फोन, छातीच्या उंचीवर. सगळ्यांना सांगितले की आवाज पूर्ण विरेपर्यंत बोलायचे नाही, हलायचे नाही. जमादाराने नळी छताकडे केली.

दणका झाला. पत्र्यावर मीठ सडसडले. नंतर दूरवर काही तरी फसफसल्यासारखे, गादीवर मूठ मारल्यासारखे. दुसरा दणका आला नाही.

परत केले. तसेच. तिसऱ्यांदा जमादार अर्धे पाऊल पुढे सरकला, तरी तसेच.

मी हेडफोन लावून ऐकत होते आणि गार्डकडे माझी पाठ होती. हेडफोन काढले तेव्हा तो बोलत होता, हळू, जवळपास स्वतःशी.

"मग दुसरी मीच मारली असेल."

"काही तरीच काय बोलताय!" बायको म्हणाली.

"अगं, दोन ऐकलेत मी. या कानांनी. भिंतीतून नाही आला, तर कुठून आला?"

वकिलाने त्याच्या दंडाला धरून बाजूला नेले. फौजदारांनी ऐकले होते. ते रुमालाने खांद्यावरचे मीठ झटकत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळले की हा माणूस बचाव म्हणून एक बार सांगत नव्हता. तो एकच काडतूस भरतो, ही त्याची सवय होती आणि त्या सवयीवरून त्याने जबाब दिला होता. प्रत्यक्ष त्या क्षणाचे त्याला फक्त दोन दणके आठवत होते.

समाला परत येऊन आम्ही मुद्रणे ऐकली. महागड्या माइकमध्ये परतीचा आवाज होता, पण क्षीण आणि पसरट. फोनमध्ये तर जवळजवळ नव्हताच. व्हिडिओत मात्र दुसरा दणका पहिल्याच्या तोडीचा. फोनचा माइक ठरावीक मर्यादेपुढचा आवाज वरून छाटतो, त्यामुळे पहिला दणका आहे त्यापेक्षा लहान वाटतो आणि दोन आवाज सारखे भासू शकतात. पण छाटायलाही दुसरा आवाज मुळात हवा.

सरांनी निष्कर्षाचा मसुदा तोंडी सांगायला सुरुवात केली. "सदर जागी एका बारामुळे व्हिडिओतल्यासारखा दुसरा आवाज निर्माण होत असल्याचे आढळले नाही."

मी टाइप केले. या एका वाक्याने तो माणूस अडकत होता. सरांनाही ते दिसत होते. ते उठून खिडकीपाशी गेले.

"वाईट वाटतं म्हणून वाक्य बदलत नाही," ते म्हणाले, मी काही विचारलेले नसताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी गार्डची बायको आली. मांजलपूरहून समापर्यंत, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, भर उन्हात स्कूटीवर. सर बाहेर गेले होते. मी तिला दारातच सांगितले की वकिलांमार्फत बोला, आम्हाला तुमच्याशी बोलता येत नाही.

"तुम्ही बोलू नका ताई. मी बोलते, तुम्ही ऐका फक्त. ऐकायचंच काम करता ने तुम्ही?"

ती पायरीवर बसली.

"ते कबूल करायचं म्हणतायत. पुढच्या तारखेला. म्हणतात, त्या पोराचा डोळा गेलाय आणि मी भिंतीच्या आड लपतोय, फौजेतल्या माणसाला शोभत नाही. मी म्हटलं, अहो, आधी मारली का ते तरी आठवा! तर म्हणतात, आठवत नाही तेच तर. रात्रभर बोटं अशी करतात." तिने दोन बोटे एकापाठोपाठ दुमडून दाखवली. पुढचा चाप, मागचा चाप. "करून बघतात, जमतं का. जमतं, ताई."

मी पाणी आणून दिले. ती प्यायली नाही, "चाल, येते," म्हणाली आणि गेली. सर आल्यावर मी त्यांना ती आल्याचे सांगितले, कारण ते सांगणे नियमात होते. काय म्हणाली ते त्यांनी विचारले नाही.

अहवाल पाठवण्याआधी मी व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहिला. चॅनेलमधली सवय. तिथे कोणतीही बातमी प्रसारित होण्याआधी एकदा नुसते चित्र पाहायचे आणि एकदा नुसता आवाज ऐकायचा, म्हणजे एकाच्या नादात दुसऱ्यातली चूक निसटत नाही. या व्हिडिओत पहिल्या दणक्यापर्यंत फाटक दिसते. दणका होताच काढणारा वळून पळतो, आणि चित्र हेलकावे खाते. तिथून पुढे बंदूक चौकटीत नसल्यामुळे पोलिसांनी, वकिलाने आणि आम्हीही ते चित्र कामाचे धरले नव्हते. त्यातून फक्त आवाज घेतला होता.

त्या हेलकाव्यात समोरची भिंत येते. एक मोटारसायकल वळते आणि तिचा दिवा भिंतीवरून सरकत जातो. भिंत खालपासून वरपर्यंत दिसते. पायथ्याला गवताची रेघ, एक विजेचा डबा, त्यावर धोक्याची कवटी. समोर काहीही उभे नाही.

मी चित्र तिथे थांबवले आणि सरांना बोलावले.

"ट्रक," मी म्हटले.

त्यांनी चष्मा काढून पडद्याजवळ डोळे नेले. "ट्रक भिंतीच्या निम्म्या उंचीचे. आवाज वरून गेला असता."

"वरून गेला असता. पण परतताना छातीच्या उंचीवरच्या फोनपर्यंत उतरला असता का?"

ते फळ्याकडे गेले. फाटक, भिंत, मध्ये चौकोन. बंदुकीपासून भिंतीपर्यंत रेघ, भिंतीपासून फोनपर्यंत रेघ. भिंतीवर जिथे रेघ वळत होती ती जागा चौकोनाच्या मागे येत होती. म्हणजे ज्या तुकड्यावरून आवाज परत यायचा, नेमका तोच सुताच्या गाठींनी झाकलेला. त्यांनी खडू ठेवला नाही, हातातच धरून उभे राहिले.

"कामाच्या दिवशी ट्रक कुठे असतात?"

"आत, माल भरायला. किंवा हमरस्त्यावर."

"म्हणजे आपण शांत दिवस निवडला," सर म्हणाले, "आणि शांत दिवशीच तिथे ट्रक उभे राहतात."

न्यायालयाकडे दुसऱ्या चाचणीची परवानगी मागावी लागली. ट्रकांचे कारण दिले, व्हिडिओतले चित्र जोडले. सरकारी बाजूने विरोध झाला. परवानगी मिळाल्यावर फौजदारांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा खेळकर होता, पण बोलणे खेळकर नव्हते.

"रिझल्ट न गम्युं एटले फरी परीक्षा, बेन?"

निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा परीक्षा. मी म्हटले, "साहेब, पेपरच चुकीचा होता."

"अने आ वखते पण नापास थाय तो?"

या वेळीही नापास झाला तर, हा प्रश्न रास्त होता. हवे ते ऐकू येईपर्यंत बंदूक झाडत राहणारा माणूस तज्ज्ञ नव्हे. सरांना मी हे संभाषण जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, "त्यांना मीच उत्तर देतो. तिथे, सगळ्यांसमोर."

दुसऱ्या वेळी कामाचा दिवस होता, घटनेचीच वेळ, शिफ्ट सुटण्याच्या थोडे आधी. भिंत मोकळी. पण बाकी सगळे माझ्या विरुद्ध. कुठे तरी कॉम्प्रेसर घुमत होता, आतून पट्ट्यावर धातू पडल्याचा आवाज येत होता, रस्त्यावर तीनचाकी छकडे थांबवून लोक पाहत होते. माइकचे आकडे स्थिर राहत नव्हते. कारखान्याने शिफ्ट सोडायला काही मिनिटे थांबायचे कबूल केले होते, त्याहून जास्त नाही. काडतुसे मोजकी होती.

गार्ड या वेळी वकिलापासून जरा दूर उभा होता. दाढी वाढलेली. बायको त्याच्या मागे. वकिलाने मला नुसते डोळ्यांनी खुणावले, त्याचा अर्थ मला लागला: ज्या तारखेला तो कबूल करणार होता, ती दोनच दिवसांवर होती.

सर सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, मराठीत आणि मग गुजरातीत. "एक बार झाडल्यावर दुसरा आवाज आला नाही, तर तसंच लिहू. तिसरी चाचणी आम्ही मागणार नाही. आला, तर तेवढ्यानेही भागत नाही. भिंत एका बाराचा आवाज परत देत असेल, तर दुसऱ्या बाराचाही देईल. दोन बार झाले असते तर व्हिडिओत दुसऱ्या दणक्यामागून आणखी एक आवाज असायला हवा. म्हणून आधी एक झाडणार, मग दोन."

"साहेब, पाऊणशे मार्कांचा पेपर काढलात," वकील म्हणाला. कोणी हसले नाही.

जमादाराने एक काडतूस वर धरले. पंचांनी पाहिले, फौजदारांनी हातात घेऊन पाहिले. ते उजव्या नळीत गेले. डावी नळी त्याने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरली. आरपार उजेड दिसत होता.

मी हात वर केला. कॉम्प्रेसर बंद पडायची वाट पाहिली. तो पडला नाही. आतल्या कोणाला तरी फोन करून फौजदारांनी शिवी घातली, तेव्हा पडला. मी हात खाली केला.

दणका. आणि दणका.

इतका स्वच्छ की जमादाराने दचकून स्वतःच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिले. त्याने चाप एकदाच ओढला होता. मी आकड्यांवर नजर ठेवली. आवाज विरेपर्यंत बोलायचे नाही, हा नियम मीच घातला होता, आणि तो पाळणे त्या क्षणी अवघड गेले.

गार्डने कानात बोटे घातली नव्हती. तो भिंतीकडे पाहत होता.

दुसऱ्यांदा केले. दणका आणि दणका. फोनमधल्या मुद्रणात दोन्ही जवळपास सारखे, पहिला वरून छाटलेला. सरांनी लॅपटॉपवर व्हिडिओतल्या रेषेखाली ही रेषा ठेवली. अंतर जुळत होते. त्यांनी फक्त "हं" केले आणि जमादाराला दोन बोटे दाखवली.

आता दोन्ही नळ्या भरल्या. जमादार म्हणाला, "जेटलुं फास्ट थाय एटलुं?" सर हो म्हणाले. शक्य तेवढे लवकर. त्याने चाप एकापाठोपाठ ओढले, गार्डच्या बायकोने मला पायरीवर दाखवले होते तसेच. दणके दोन नव्हते. चार होते, एकमेकांवर चढलेले, लोखंडी जिन्यावरून रिकामा पिंप सुटावा तसे. शेवटचा विरला तेव्हा रस्त्यावरचे कोणी तरी "ओ तारी!" म्हणाले आणि मुद्रणात ते शब्द अजून आहेत.

मी व्हिडिओचा तो तुकडा पुन्हा लावला, मोठ्याने नाही, हेडफोनमध्ये. दणका, दणका. मग ती क्षणभराची शांतता, जिच्यात कोणी ओरडत नाही, पळणाऱ्याच्या चपलांशिवाय काही नाही. तिसरा आवाज असायचा तर तो तिथेच असायला हवा होता. नव्हता. सरांनी माझ्याकडून हेडफोन घेतले, तीनदा ऐकले आणि मान हलवली. सगळ्यांनी चारही आवाज ऐकले होते, त्यामुळे समजावून सांगायची गरज नव्हती.

फौजदार गार्डच्या जवळ गेले. मला वाटले काही तरी लागेलसे बोलतील. ते म्हणाले, "सुबेदार, भिंत तमारा पक्षमां छे."

"सुबेदार नाही साहेब. नायक होतो," गार्ड म्हणाला.

"एक ज हती तमारी."

"दोन असत्या तर असं वाजलं असतं ने?" त्याने छताकडे हात केला. "हे चार. हे मी नाही ऐकलेलं. दोनच ऐकलेले."

त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. वकील फोनवर कोणाशी तरी घाईघाईने बोलू लागला. मी माइकच्या तारा गुंडाळत होते आणि गार्ड माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता, म्हणून पुढचे मी ऐकले. नाही तर हे लिहिता आले नसते.

तो छताखाली जाऊन उभा राहिला होता, जिथे त्या दिवशी उभा होता तिथेच. वर तुळईकडे पाहत होता.

"म्हणजे जी मला आठवते, तीच," तो म्हणाला.

"काय तीच?" बायकोने विचारले.

"त्याला लागली ती. मला वाटायचं, वर मारली ती कोणाला लागली नाही. लागली ती कुठली तरी दुसरी, मला न आठवणारी. दुसरी नव्हतीच. वर मारली तीच लागली."

"अहो, पण तुम्ही त्याच्यावर नाही मारली ने! तेच तर सिद्ध झालं."

"हो," तो म्हणाला. मग फौजदारांकडे वळला. "साहेब, तो मुलगा राहतो कुठे?"

"एने तमाराथी न मळाय," फौजदार म्हणाले. "साक्षी छे. जामीन रद्द थशे."

"भेटणार नाही. कुठे राहतो तेवढं."

फौजदारांनी सांगितले नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग तो हात काढून खिशात घातला, आणि जमादाराला बंदूक सीलबंद करायला सांगितले.

अहवालात सरांनी लिहिले की व्हिडिओतला दुसरा आवाज पहिल्याचा प्रतिध्वनी असल्याशी मुद्रणे सुसंगत आहेत आणि दुसऱ्या बाराचा कोणताही ध्वनिपुरावा आढळत नाही. छरे खाली कसे वळले, यावर आमच्याकडे मत मागितलेले नव्हते, म्हणून दिले नाही. पुढे कलम बदलले. कबुलीची वेळ आली नाही. शिक्षा काय होईल हे मी हे लिहीत असताना ठरलेले नाही. हलगर्जीपणाचा खटला अजून उभा आहे.

पण त्या संध्याकाळी एवढेच झाले. कारखान्याने आणखी थांबायला नकार दिला, घंटा वाजली आणि फाटक उघडले. शिफ्टचे कामगार डबे घेऊन छताखालून बाहेर येऊ लागले. गार्डला बाजूला व्हायला वेळ मिळाला नाही. काहींनी त्याला ओळखले आणि पावले हळू केली. काही तोंड फिरवून गेले. बायकोने त्याची बाही ओढली, तो हलला नाही.

एक कामगार त्याच्यासमोर थांबला. वयाने लहान, पाठीवर पिशवी. जखमी झालेल्याच्या ओळखीचा असेल किंवा नसेल. आतून सगळे आवाज त्याने ऐकले असणार.

"काका," त्याने विचारले, "एक ज हती?"

गार्डने त्याच्याकडे पाहिले.

"एकच," तो म्हणाला. "माझीच."